नवा डबा, जुनं वजन

जानेवारीतल्या एका मॅचवरून घरी येताना मी बाबांना सांगितलं की गोळ्यांचा लॉट खराब निघाला. बाबांनी काही विचारलं नाही. द्वारका सर्कलला सिग्नल लागला तेव्हा एवढंच म्हणाले, "मग नवा घेऊ." पुढच्या आठवड्यात त्यांनी अंबडच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती पुढे ढकलली आणि मला दुसऱ्या लॉटच्या गोळ्या आणून दिल्या. ही गोष्ट त्या गोळ्यांची आहे. थोडी माझ्या आजोबांचीही आहे.

मी ५० मीटर थ्री पोझिशन खेळते. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून, प्रत्येकी २० गोळ्या. स्वप्नील कुसाळे हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या रेंजवर एका फोनभोवती पंधरा डोकी होती. तो कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, पण घडला आमच्या नाशकात, म्हणून आम्हाला तो जरा जास्तच आमचा वाटतो. त्या दिवशी रेंजवरच्या प्रत्येकाला वाटलं, आपण आणि तो यांच्यात फार अंतर नाही. फक्त रायफल थोडी चांगली हवी. गोळ्या थोड्या चांगल्या हव्यात.

आता गोळ्यांबद्दल थोडं. आमची रायफल पॉइंट टू टू. तिच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो. रायफलची पिन ती कड चेपते आणि बार होतो. एकदा चेपलेली कड पुन्हा कामाची राहत नाही, म्हणून हे काडतूस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या शिकारी रायफलचं काडतूस वेगळं असतं. त्याच्या बुडाला मध्यभागी छोटी टोपी बसवलेली असते. ती काढून नवी बसवली, दारू भरली, वर गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. त्यामुळे शिकारी रायफलवाला आपल्या रायफलला मानवेल असं काडतूस स्वतः घडवू शकतो. आम्हाला ती सोय नाही. आम्ही कारखान्यातून आलेल्या लॉटपैकी आपल्या नळीला कुठला मानवतो ते शोधायचं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच रंगाच्या खोक्यातली गोळी लॉट बदलला की वेगळी वागू शकते.

किती वेगळी? आमची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. नळीतून निघते सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. समजा एखादी गोळी ३१५ नेच निघाली. हवेचा अडथळा हिशेबात नाही घेतला तरी ५० मीटर जाताना ती पहिलीपेक्षा साधारण साडेसात मिलिमीटर जास्त खाली येते. आणि आमच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे लॉटमध्ये वेग एकसारखा नसेल तर गोळ्या उभ्या रेषेत वरखाली पसरतात.

माझ्या जानेवारीच्या मॅचमध्ये झोपून मारलेल्या गोळ्या नेमक्या अशाच पसरल्या होत्या. उभ्या रेषेत. आरोप करायला याहून चांगला पुरावा कुठे मिळतो?

त्याच दिवसांत आजीने आजोबांची वही काढली. आम्ही जुन्या नाशकातल्या घरातली कपाटं रिकामी करत होतो. आजोबा सराफ बाजारात सोनारकाम करायचे. मी पाहिले ते चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचणारे आजोबा. ते १९६० च्या दशकात हरसूल-पेठच्या रानात शिकारीला जायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी फारसं बोलत नसे. त्यांच्याकडे एक विलायती रायफल होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तशी तिची काडतुसं महाग झाली आणि मग मिळेनाशी. आजोबांनी रिकाम्या पितळी नळकांड्या जपून ठेवल्या आणि घरीच भरायला सुरुवात केली. तेव्हाच्या परवान्यावर, हे आजी दोनदा सांगते. आज परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे तिलाही माहीत आहे.

दारू तोलायला सोनाराचा काटा होताच. सोनाराला ग्रेन हे माप परकं नव्हतं. तोळ्याचे ९६ गुंजा, आणि तोळ्याचेच १८० ग्रेन. म्हणजे एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. आजोबांच्या वहीत सुरुवातीची वजनं गुंजांत आहेत, मग खोडून ग्रेनमध्ये लिहिली आहेत. बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: 'गुंज मोठी पडते.'

वहीची पद्धत अशी. आधी प्रत्येक नळकांडी पुसून, दिव्यापुढे धरून, चीर नाही ना बघायची. चीर असेल तर ती बाद. मग छापील तक्त्यातल्या कमीत कमी वजनापासून सुरुवात. त्या वजनाची पाच काडतुसं. मग थोडं वाढवून आणखी पाच. तक्त्यातला वरचा आकडा येण्याच्या बराच आधी थांबायचं, कारण एका मर्यादेपुढे दाब नळी आणि डोळे दोन्ही फोडू शकतो. प्रत्येक पाचांसाठी वेगळा कागद. कागदाच्या मध्यभागी गोळ्या लागल्या का, याला आजोबा किंमत देत नव्हते. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हे मोजत होते. जवळ पडल्या की मक्षिका हलवून त्या मध्यभागी आणता येतात. विखुरल्या तर काही करता येत नाही. दर पानाच्या वर एकच ओळ, अधोरेखित: 'एका वेळी एकच बदल.' दारू बदलली तर गोळी तीच. गोळी बदलली तर दारू तीच.

१९६८ च्या डिसेंबरमधलं एक पान वेगळं आहे. त्यावर आकडे नाहीत, मोजमाप नाही. चार तुटक वाक्यं आहेत. 'नवा डबा. वजन जुनंच. तपासलं नाही. भेकर पायावर लागलं.'

बाकीचं आजीने सांगितलं. दारूचा जुना डबा संपला होता. त्याच नावाचा नवा डबा आला. आजोबांनी जुन्याच वजनाने काडतुसं भरली आणि कागदावर एकही न मारता रानात गेले. डबा बदलला की दारूचा जोर थोडा बदलू शकतो, हे त्यांना माहीत होतं. पण दुकानात लग्नसराईची गर्दी होती, वेळ नव्हता. गोळी छातीच्या खाली गेली. भेकर तीन पायांवर पळालं. आजोबा सोबतच्या माणसांना परत पाठवून दोन दिवस त्या रक्तामागे हिंडले. ते सापडलं नाही. घरी आले आणि जेवायला बसले ते ताटावरून तसेच उठले. "त्यांनी कोणाला दोष दिला नाही," आजी म्हणाली. "डब्याला पण नाही."

त्यानंतर वहीत दोनच वर्षांच्या नोंदी आहेत. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. लोक म्हणायचे कायद्यामुळे त्यांची शिकार सुटली. आजीच्या मते ती आधीच सुटली होती. कायद्यानंतर त्यांनी रायफलही जमा करून टाकली.

मी ती वही घेऊन थेट रेंजवर गेले. खरं सांगायचं तर मला त्यात माझ्या बाजूचा साक्षीदार सापडला होता. आमचे सर देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना म्हटलं, बघा सर, डबा बदलला की सगळं बदलतं. सरांनी वही शांतपणे चाळली. म्हणाले, "तोफेच्या चार्जचंही असंच असतं. आम्ही चार्जचं तापमान घेतल्याशिवाय हिशेब करत नव्हतो. दारू थंड असेल तर गोळा जवळ पडतो." मी मान डोलावली. निफाडची थंडी तेव्हा एक आकड्यावर आली होती. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या. लॉट आणि थंडी, दोन आरोपी झाले. मग सर म्हणाले, "तुझ्या आजोबांनी कागदावर मारलं नाही, ही त्यांची चूक. तू मारलंस का?"

मी मारलं नव्हतं.

लॉट तपासायचा म्हणजे रायफल माणसाच्या खांद्यावरून काढून पक्क्या लोखंडी पकडीत बसवायची आणि मारायची. परदेशातले गोळ्यांचे कारखाने खेळाडूंना अशी सोय देतात. आमच्याकडे तशी पकड नव्हती. बाबांना कळल्यावर त्यांनी मापं घेतली आणि चार रात्री वर्कशॉप बंद झाल्यावर थांबून ती बनवली. जाड प्लेट, दोन क्लॅम्प, आतून चामड्याचं अस्तर, म्हणजे रायफलला ओरखडा नको. मला त्यांना थांबवता आलं असतं. तिसऱ्या रात्री मी डबा घेऊन गेले तेव्हा ते कानस मारत होते, तेव्हाही सांगता आलं असतं. कारण तोपर्यंत मला एक गोष्ट आठवायला लागली होती, जी मी बाजूला सारत होते.

आम्हाला शिकवतात की गोळी सुटली की मॉनिटरकडे बघायच्या आधी मनात सांगायचं, कुठे गेली. याला कॉल म्हणतात. मी त्या मॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर कॉल करणं सोडलं होतं. कारण माझे कॉल बरोबर येत होते. खाली म्हटलं की खाली. वर म्हटलं की वर. गोळी वेगामुळे खाली गेली असती तर ती माझ्या मनात मध्यभागीच असायला हवी होती.

रविवारी सकाळी पकड बसवली. हवा थंडच होती. जुना लॉट, दहा गोळ्या. बाबा स्वतः टार्गेट आणायला गेले. परत येताना हळू चालत आले. दहाही गोळ्यांचं मिळून एकच भोक झालं होतं, कडा जरा फाटलेल्या. बाबांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्यावर ठेवलं. भोक पूर्ण झाकलं गेलं. नव्या लॉटच्या दहा मारल्या. तेवढंच भोक. कोणी काही बोलेना. शेवटी सर म्हणाले, "पकड श्वास घेत नाही, बाळ."

झोपून मारताना श्वास आत-बाहेर होतो तशी नळी वरखाली होते. श्वास सोडून थांबायचं, नळी स्थिर होऊ द्यायची आणि मग चाप. थंडीत बोटं बधिर होण्याआधी उरकायचं म्हणून मी श्वास थांबायच्या आधीच चाप ओढत होते. उभी रेषा माझ्या छातीने काढली होती.

परत येताना गाडीत मी बाबांना सांगितलं. लॉट खराब नव्हता. मला तेव्हाच थोडं माहीत होतं. बाबा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वर्कशॉपमध्ये पोरगं म्हणतं, मशीन आउट आहे. मी आधी मशीन तपासतो. दहातून एकदा ते असतं पण आउट." थोडं थांबून म्हणाले, "पण पोरग्याला मी ओरडतो. तुला ओरडायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, हो.

"मग पुढच्या वेळी," ते म्हणाले.

कॉम्प्रेसर अजून पॅच लावून चालतोय. मी आजोबांसारखी वही केली आहे. एका बाजूला कॉल, दुसऱ्या बाजूला गोळी खरंच कुठे लागली ते. दोन्ही एका जागी आले आणि गोळी बाहेर असेल तर चूक माझी. कॉल मध्यभागी आणि गोळी बाहेर, असं पुन्हापुन्हा झालं, तरच पकड काढायची. आतापर्यंत ती एकदाही काढावी लागलेली नाही. फेब्रुवारीच्या मॅचमध्ये झोपून मारताना सातवी गोळी सुटली आणि मॉनिटर बघायच्या आधी मी मनात म्हटलं: खाली, सहा वाजता, घाई केली. मॉनिटरवर नऊ आले, सहा वाजता. मी श्वास सोडला, थांबले, आणि आठवी भरली.