भिंगाखालचा ‘बी’

१९६९ सालचं दहा रुपयांचं गांधी नाणं दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेलं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं हे नाणं तेव्हा लोकांनी आवर्जून जपून ठेवलं. त्यामुळे ते आजही अनेक घरांतल्या कपाटांत सापडतं. दुकानात मागितलं तर दुकानदार मूठभर काढून समोर ओततो आणि चांदीच्या भावावर थोडे पैसे चढवून देतो. मला हवं होतं त्याचं प्रूफ. तेही प्रत्यक्ष बघून घ्यायचं होतं, कारण फोटोत सगळीच नाणी चकाकतात.

पुण्यात रविवार पेठेत, सराफांच्या गजबजाटात, जिन्याखालच्या एका चिंचोळ्या दुकानात एक काका जुनी नाणी विकतात. गिऱ्हाइकाला बसायला दोन स्टुलं, काउंटरवर टेबल लॅम्प आणि काकांच्या गळ्यात दोरीला भिंग. मी मागणी सांगितली.

“खरं प्रूफ पाहिजे की चकचकीत पाहिजे?” काकांनी विचारलं.

प्रश्न खोचक होता, पण नेमका होता. प्रूफ नाणं संग्राहकांसाठीच वेगळं पाडतात. ठप्पे खास घासून तयार केलेले असतात, कोरी चकतीही आधी चकचकीत करतात आणि एकाच नाण्यावर जास्त दाबाने एकाहून अधिक वेळा ठोका देतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी होते आणि वरचा उठाव बारीकसारीक रेषांसह स्पष्ट उमटतो. नेहमीच्या नाण्याला असं काही कौतुक नसतं. ते यंत्रातून पडतं ते थेट इतर नाण्यांच्या ढिगात, एकमेकांवर आपटत.

काकांनी आधी एक नाणं ठेवलं. निळ्या मखमलीची डबी, आत झगझगीत गांधी. मी हरखलो. त्यांनी काही न बोलता लॅम्प तिरपा केला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. मोकळ्या जागेवर केसासारखे असंख्य ओरखडे, सगळे एकाच दिशेने गेलेले. अक्षरांच्या कडा बोथट. चेहरा आणि पार्श्वभूमी दोन्हींवर सारखीच चमक. साधं नाणं पॉलिश मारून डबीत बसवलेलं होतं. “हे मी विकत नाही, दाखवायला ठेवलंय,” काका म्हणाले. “डबी काय, कुणीही कशातही घालतं.”

मग त्यांनी खूण शोधायला लावली. मुंबई टांकसाळीच्या नेहमीच्या नाण्यांवर चौकटचा आकार असतो. प्रूफवर मात्र त्या काळात इंग्रजी ‘बी’ अक्षर असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर त्याच जागी ‘एम’ आलं. गांधी नाण्यावर १८६९-१९४८ या सालांच्या खाली बघायचं. पॉलिश मारून चमक आणता येते, ‘बी’ आणता येत नाही.

खरं प्रूफ तिजोरीतून निघालं ते जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. ‘बी’ होता. आरसाही होता, पण एका बाजूला हिरवट चिकट थर चढलेला. जुन्या मऊ पाकिटांचं हे नेहमीचं दुखणं. त्यातलं पीव्हीसी वर्षानुवर्षं नाण्यावर उतरत राहतं. काका म्हणाले, “शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, थर सुटेल. पण कापूस लावलात तर माझ्याकडे परत येऊ नका.” कापडानेही प्रूफच्या आरशावर कायमचे ओरखडे पडतात, म्हणून नाणं धरायचं तेही फक्त कडेने.

घासाघीस झालीच. दरम्यान त्यांनी १९७४चं पन्नास रुपयांचं नाणं दाखवलं. कुटुंबनियोजन आणि सर्वांना अन्न असा संदेश, निम्मी चांदी. सरकारी मोहीम एवढ्या देखण्या रूपात पुन्हा कधी पाहिली नाही, पण खिशाने परवानगी दिली नाही. मग २०१५ साली डॉ. आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीवर्षात निघालेलं सव्वाशे रुपयांचं नाणं आलं: ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर. हे नाणं बाजारात चालायला काढलेलंच नव्हतं, ते संग्राहकांसाठीच. अशी नवी नाणी टांकसाळीकडे नोंदणी करून थेट मिळतात तेव्हाच घ्यावीत. नंतर दुकानात गेलात की मधल्यांचा नफाही आपणच भरायचा. जुन्यांना मात्र दुकानाशिवाय इलाज नाही.

गांधी मी घेतलं, थरासकट. डबी मिळाली नाही, तिची गरजही नव्हती.

तुम्ही शोधायला निघालात तर भिंग स्वतःचं न्या, आधी खूण बघा, मग आरसा, आणि किंमत सगळ्यात शेवटी विचारा. घासलेलं नाणं मात्र फुकट मिळालं तरी प्रूफ म्हणून घेऊ नका.