रोजकीर्द

माझे आजोबा किराणा दुकानाचा हिशेब दोन वह्यांत ठेवीत. दिवसभराची प्रत्येक देवघेव घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरे आणि मग सवडीने, बहुधा रात्री, खात्यावार खतावणीत जाई. खतावणी देखणी, रेघा आखलेली. रोजकीर्द तेलकट, घाईच्या अक्षरातली. लहानपणी मला खतावणीच खरी वही वाटे.

हे आठवण्याचे निमित्त जरा विचित्र आहे. २०१२ साली आमच्या मराठी विभागाने विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या सुमारे तीन हजार जात्यावरच्या ओव्या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये घातल्या. पुढे शोध घेणे सोपे जावे म्हणून ‘पानी’चे ‘पाणी’, ‘व्हतं’चे ‘होतं’ करून घ्यावे असे ठरले. बायकांच्या तोंडची भाषा अशी धुऊन काढणे मला पटले नव्हते. तरीही बैठकीच्या इतिवृत्तावर माझी सही आहे, हे नमूद केलेले बरे.

एके दुपारी हा बदल सर्व ओव्यांवर एका हुकमासरशी केला गेला. त्यानंतर काही मिनिटांतच, त्याच डिस्कवर ध्वनिमुद्रणे उतरवली जात असताना, जागा संपली आणि डेटाबेस बंद पडला. काम पाहणाऱ्या विद्यार्थ्याने जागा मोकळी करण्यासाठी इकडेतिकडे पाहिले. ‘पीजी_एक्सलॉग’ नावाच्या फोल्डरमध्ये सोळा सोळा मेगाबाइटच्या, आकडेवजा नावांच्या कितीतरी फाइली होत्या. लॉग म्हणजे यंत्राची बडबड, कोणी न वाचणारी. त्याने त्या पुसल्या. मी शेजारीच होतो आणि मान डोलावली होती.

डेटाबेस पुन्हा सुरूच होईना.

पुसली होती ती रोजकीर्द. डेटाबेसमधला बदल प्रथम मेमरीतल्या पानावर होतो (तंत्रज्ञही त्याला पानच म्हणतात), आणि ते पान डिस्कवरच्या मूळ जागी सावकाश, सवडीने जाते. मधेच वीज गेली तर? म्हणून नियम असा, की व्यवहार पक्का झाल्याचे सांगण्यापूर्वी त्याची नोंद या फाइलींत, डिस्कवर, उतरलेली असलीच पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये ही आगाऊ नोंद २००१ सालच्या ७.१ आवृत्तीपासून आहे. ठरावीक काळाने, कोणी बदलले नसेल तर दर पाच मिनिटांनी, साठलेली पाने मूळ जागी नेऊन तशी खूण केली जाते आणि ती खूण कुठे आहे हे ‘पीजी_कंट्रोल’ नावाच्या एका छोट्या फाइलीत टिपलेले असते. अपघातानंतर डेटाबेस ती फाइल उघडतो, खुणेपाशी जातो आणि तिथून पुढच्या नोंदी एकेक करून पुन्हा गिरवतो. आमच्याकडे खूण कुठे आहे हे सांगणारी फाइल शाबूत होती; जिथे जायचे ती वहीच नव्हती.

शेवटी एका जाणकार मित्राने रोजकीर्द कोरी करून देणारा उपाय चालवला. डेटाबेस उघडेल, पण आतल्या मजकुराची हमी नाही, असे त्याने आधीच बजावले होते.

जे उघडले ते पाहून मी बराच वेळ गप्प बसलो. पोस्टग्रेस जुन्या ओळीवर नवी लिहीत नाही. नवी ओळ वेगळी मांडतो, जुनीवर ‘बाद’ अशी खूण करतो आणि ती नंतर कधीतरी झाडून टाकतो. आता काही पाने डिस्कवर पोहोचली होती, काही नव्हती. त्यामुळे काही ओव्या ‘पाणी’वाल्या होत्या, काही ‘पानी’वाल्या, आणि दोनशेहून अधिक ओव्या दोनदा होत्या, जुना पाठ व नवा पाठ शेजारी शेजारी. पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखितांची उदाहरणे देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. यंत्राने अपघाताने का होईना, इतकी चोख पाठभेदांची पोथी माझ्यापुढे कधीच ठेवली नव्हती. आम्ही बाद केलेले उच्चार परत आलेले पाहून आनंद झाला, हे कबूल करतो. समितीसमोर अर्थात मी तो दाखवला नाही.

पण काही ठिकाणी जुनीवर बादची खूण पोहोचली होती आणि नवी ओळ पोहोचलीच नव्हती. अशा एकेचाळीस ओव्या निघाल्या.

पोस्टग्रेसच्या कर्त्यांना हा घोटाळा परका नव्हता. ‘लॉग’ हे नाव पाहून लोक ते फोल्डर रिकामे करतात, हे त्यांनी पुरेसे पाहिले असावे. २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याचे नाव ‘पीजी_वॉल’ झाले. आत काही बदलले नाही. केवळ शब्द बदलावा लागला, याचे साहित्याच्या माणसाला तरी नवल वाटू नये.

त्या एकेचाळीस ओव्यांसाठी मी मूळ वह्या मागितल्या. विद्यार्थ्यांनी गावोगावी बसून, खाडाखोड करत लिहिलेल्या त्या वह्या ‘सगळे संगणकावर आले’ म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत रद्दीत गेल्या होत्या. ध्वनिमुद्रणांतून सतरा ओव्या सापडल्या. त्या मी स्वतः ऐकून, ऐकू आल्या तशा, ‘पानी’ आणि ‘व्हतं’सकट पुन्हा लिहिल्या. उरलेल्या चोवीसांचे अनुक्रमांक यादीत अजून रिकामे आहेत.