पोकळ लादी आणि ओलं बियाणं

आजची नोंद शेतातली नाही, पडवीतली आहे. पण नुकसान झालं ते बियाण्याचंच.

२०२४ च्या श्रावणात आमच्या नांदगावच्या घराच्या पडवीला लादी घातली. चतुर्थीला मुंबईची माणसं येणार, त्याआधी काम झालंच पाहिजे म्हणून मीच मिस्त्रीच्या मागे लागलो. वाडीतलाच पोरगा. त्याच्या अंगावर तेव्हा तीन घरांची कामं. चार दिवसांत पडवी झाली, दिसायला झकास. आई काठी आपटून म्हणाली, "रे, हयसर पोकळ वाजता." मी हसण्यावारी नेलं आणि सगळे पैसे देऊन मोकळा झालो.

२०२५ ला मान्सून २५ मेलाच देवगडात पोचला. त्याच्या आधीपासून पाऊस चालू. वालय भाताचं बियाणं पडवीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पोत्यात होतं, खाली फळी नाही. वडील ते माळ्यावर ठेवायचे. मला लादी कोरडी वाटली. झड आत आली. ढाळ अंगणाकडे हवा होता, तो निघाला भिंतीकडे. पाणी सांध्यातून लादीखालच्या पोकळीत शिरलं आणि चार दिवस पोतं खालून ओल ओढत राहिलं.

तरवा पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात बांधले. उगवले ४३. प्रमाणित भात बियाण्याला किमान ८० लागतात. वरच्या थरातले दाणे वेगळे तपासले, ते ८७ उगवले. तेवढ्यावर जात वाचली, पण दोन कुणग्यांत दुसरं भात लावावं लागलं. वालय दुकानात मिळत नाही.

मिस्त्रीला बोलावलं. लादी उचलली तर चार कोपऱ्यांना सिमेंटचे गोळे, मधे रिकामं. पोरगा खाली बघून म्हणाला, "काका, घाई झाली." घाई माझीही होतीच. सामान मी आणलं, मजुरी त्याने घेतली नाही. १४ लाद्या परत बसवल्या.

यातून शिकलो ते लिहितो. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. लादीचं चिकट मिश्रण घ्या, पिशवीवर आयएस १५४७७ बघा, आणि ते लादीखाली सगळीकडे पसरायला लावा. ढाळ मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे आठ फुटी पडवीला साधारण एक इंच, बाहेरच्या बाजूला. शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक लादी नाण्याने वाजवा आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा.

आणि बियाणं लादीवर टेकवू नका. आमचं आता परत माळ्यावर आहे.