बायांचा ग्रुप

डिसेंबरात कांद्याची लागण सुरू झाली की ओतूर परिसरात जो तो एकच विचारत असतो, बाया मिळतील का? रोप तयार असतं, सारे पाडून झालेले असतात, त्या आठवड्यात लाईट दिवसाची असते. बाया नाही मिळाल्या तर रोप जागेवरच जून होतं.

आमचं रान मांडवीच्या बाजूला. नवऱ्याची नोकरी बाहेर, त्यामुळे मजूर जमवायचं काम पहिल्यापासून माझ्याकडंच. आधी सगळा कारभार एका मुकादमाच्या हातात होता. आदल्या संध्याकाळी त्याच्या दारात जायचं आणि "बघतो वहिनी" ऐकून परत यायचं. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या बाया तोच आणायचा. आम्ही त्याला किती देतो आणि बायांच्या हातावर किती पडतात, हे दोन्ही आकडे माहीत असलेला तो एकटाच. त्याच्याकडं माणसं नसली तर नारायणगाव गाठायचं. तिथं सकाळी मजुरांचा बाजार भरतो, रस्त्याच्या कडेला उभ्या माणसांशी घासाघीस करून त्यांना गाडीत घालायचं.

मग बायांच्या हातात फोन आले. आमच्याकडं येणाऱ्या टोळीतल्या बारावी झालेल्या एका पोरीनं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. त्यात बाया, पिकअपवाले आणि आम्ही शेतकरी. संध्याकाळी मेसेज पडतो, "उद्या ८ बाया, कांदा लागण, डिंगोरे, रोज ४००, गाडी आमची." लिहिता येत नाही त्या बोलून पाठवतात, मागं भांड्यांचा आवाज आणि पोराचं रडणं ऐकू येतं. पहिल्याच हंगामात गावोगावचा रोज सगळ्यांना कळला आणि बराचसा सारखा झाला. बाया एकर उक्तं घेऊन पैसे आपसांत वाटून घेऊ लागल्या. कुणाच्या बांधावर प्यायला पाणी नसतं, कोण सुट्टीच्या वेळी "एवढा सारा उरकून जा" म्हणतं, हेही तिथंच कळायला लागलं. उसाच्या कडेच्या रानात बिबट्या दिसल्याची खबर आली की त्या दिवशी काम उन्हं असतानाच बंद, शेतकऱ्यानं कुरकुर केली तरी. मुकादमानं काळाचा रंग ओळखला. त्यानं पिकअप घेतली आणि भाड्यावर समाधान मानलं.

जमून काम करणं या बायांना नवं नाही. डोंगराकडं भातखाचरं बांधायला पडकई असते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. खालच्या पट्ट्यात आमच्या सासूबाईंच्या काळी सावड होती. तिचे नियम कुणी लिहिले नव्हते, पण जो सावड फेडायला आला नाही त्याला पुढच्या वर्षी सगळा गाव ओळखून असायचा. ग्रुपवर मात्र निम्मे नंबर नुसते नंबरच असतात. कोण कुणाला धरणार?

हे आम्हाला कळलं ते एका धुक्याच्या सकाळी. बाया घेऊन येणारी पिकअप वळणावर कलंडली. जीव कुणाचा गेला नाही, पण एकीचा हात मनगटात मोडला. ड्रायव्हर म्हणाला, शेतकऱ्यानं बोलावल्या. शेतकरी म्हणाला, त्या आपल्या आपण आल्या. ग्रुपची अॅडमिन ती बारावी झालेली पोर, ती काय बोलणार? मालवाहू गाडीत माणसं भरायला कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं विम्याचं नाव कुणी काढलं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सरकारी अपघात योजना आहे, पण ती सातबारा असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला, तीही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. हिच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती आणि हात तर दोन महिन्यांत जुळणार होता. ग्रुपवर आवाहन केलं, रात्रीपर्यंत फोनपेवर दवाखान्यापुरते पैसे जमले. बुडालेल्या मजुरीचं मात्र काहीच झालं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी बराखीतला राहिलेला कांदा घेऊन मी ओतूरच्या उपबाजारात गेले. पिशवी ओतली गेली, व्यापाऱ्यानं दोन कांदे हातात दाबून पाहिले आणि सगळ्यांदेखत दहा किलोचा भाव पुकारला गेला. गोळा वेगळा, गोल्टी वेगळी, बदला वेगळा. वजन झालं, तोलाई-हमाली वजा जाता पट्टी हातात आली. त्या पट्टीकडं पाहत मी बराच वेळ उभी राहिले. रुमालाखाली बोटं दाबून शेतकऱ्याच्या मालाचा भाव ठरायचा, तो काळ फार जुना नाही. उघडा लिलाव, खरं माप, लेखी पट्टी आणि वेळेवर पैसे हे आम्हाला १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं मिळालं. त्या कायद्याच्या नावानं आम्ही कितीही बोटं मोडली तरी पट्टी नसलेला व्यवहार आज एकही शेतकरी करणार नाही. तो कांदा लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या बाईकडं मात्र कामाचा एक चिठोरा नसतो.

शेजारी गोणी उचलणारे हमाल होते. त्यांचंही काम बायांसारखंच, सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मालक एक नाही, म्हणून फंड कुणी भरायचा हा प्रश्न त्यांच्यापुढंही होता. महाराष्ट्रानं त्यावर १९६९ च्या माथाडी कायद्यानं तोड काढली. मालक आणि टोळी दोघांनी मंडळाकडं नाव नोंदवायचं, मालकानं मजुरीवर लेव्ही भरायची, त्यातून फंड, बोनस, दवाखाना. मालक कितीही बदलले तरी खातं एकच.

केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार आले आहेत. अॅपवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांसाठी कंपनीनं उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, असं तिच्यात आहे. आमच्या ग्रुपला कंपनीच नाही. नफा कमावणारा मधला माणूस बायांनी काढून टाकला, हे चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर कायद्याला धरता येईल असं मानगूटही गेलं.

आम्ही आमच्यापुरतं काही ठरवलं. रोज, कामाचे तास आणि गाडी कुणाची हे मेसेजमध्ये लिहायचंच. पैसे त्याच संध्याकाळी. पिकअपऐवजी सीटची गाडी. आणि प्रत्येक बाईमागं शेतकऱ्यानं रोजचे दहा रुपये बायांच्या बचत गटाच्या खात्यात टाकायचे. हंगामभर बरं चाललं. मग एकानं दहा रुपये द्यायला नकार दिला. त्याला काढलं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी आपला वेगळा ग्रुप काढला. रोज वीस रुपयांनी जास्त, वर्गणी नाही, पिकअप आहेच. आमच्यातल्या काही बाया तिकडं गेल्या. घरात आज लागणारे वीस रुपये सोडून उद्याच्या फंडासाठी थांबा, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

म्हणून मला वाटतं, हे गावच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. तालुक्याला एक मंडळ हवं. टोळीची आणि शेतकऱ्याची नोंद फोनवरूनच व्हावी आणि लेव्ही सगळ्यांना सारखी असावी, म्हणजे ती चुकवणाऱ्याला स्वस्तात बाया मिळणार नाहीत. एकरी खर्च थोडा वाढेल, मलाही वाढेल. पण माथाड्यांची लेव्ही मालकांच्या मर्जीवर ठेवली असती तर एकाही हमालाच्या नावावर फंड जमला नसता.