ओट्याची उंची आणि जे. जे.ची पायरी

“पडदे लावायला कॉलेजात कशाला जायला हवं?” भावोजींनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं, आणि ताईनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न माझ्या भाचीचा होता. यंदा ती बारावीत. तिला इंटिरिअर डिझाइन शिकायचंय. भावोजींचं म्हणणं, मुलीनं बी.कॉम. करावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, भिंती सजवायची हौस घरात भागवावी. भाची काही बोलली नाही, पण जेवताना तिनं भाकरीचा एकच तुकडा बराच वेळ हातात धरला होता.

मी म्हटलं, “आधी ते कॉलेज बघून तर येऊ! नाही पटलं तर बँक कुठं पळून जातेय?”

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं. त्या दिवसांत बाहेरच्या माणसांनाही आत जाऊन मुलांचं काम पाहता येतं. शाळेतला माझा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घातला, दशम्या आणि चटणी बांधून घेतली आणि नाशिक रोडहून सकाळच्या पंचवटीनं आम्ही मावशी-भाची निघालो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलं की आपण एरवी काय करतो? पिशवी सांभाळत बाहेर धावतो. या वेळी भाचीनं मला हाताला धरून लोकलच्या तिकिटांच्या दालनात नेलं. “मावशी, वर बघ!” वर बघितलं, तर सोनेरी ताऱ्यांचं छत. खाली गुळगुळीत दगडी खांब, आणि त्यांच्या मधून तिकिटांची रांग. कितीदा इथून गेले असेन, मान वर केली नव्हती.

या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पण दगडातली पानं-फुलं, पक्षी-प्राणी, लोखंडी जाळ्या अशा सजावटीच्या कामात मोठा वाटा होता तो जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथले प्रमुख होते. म्हणजे आम्ही जे कॉलेज पाहायला निघालो होतो, त्याच्या मुलांचं जुनं प्रदर्शन स्टेशनवरच मांडलेलं! २००४ साली ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली.

तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. इमारत १८६९ ची. दारावरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. तेही जे. जे.मध्येच शिकवत. त्यांचा मुलगा रुडयार्ड किपलिंग १८६५ साली याच आवारात जन्मला. आज तिथं जो लाकडी बंगला दिसतो, तो मात्र त्या जागेवर नंतर बांधलेला आहे.

मंडईसमोरच्या फाटकातून आत शिरलो आणि एकदम गारवा जाणवला. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, आणि आत मोठमोठी झाडं, त्यांच्या सावलीत काळ्या दगडाची, टोकदार कमानींची १८७८ सालची बैठी इमारत. शाळा त्याहून जुनी, १८५७ ची. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. उमेदीच्या काळात रिकाम्या बाटल्यांचा धंदा केला म्हणून लोक त्यांना ‘बाटलीवाला’ म्हणत. कारागिरांच्या हाताला शिक्षण मिळावं, ही त्यामागची दृष्टी.

दालनांतून फिरताना मला कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये आठवल्या. आपण त्यांना भानू अथैया म्हणून ओळखतो. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. पुढं मासिकांसाठी पोशाखांची चित्रं काढता काढता सिनेमाकडे वळल्या आणि १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्यांच्याही घरी कुणी म्हटलं असेल का, की कपडे शिवायला कॉलेज कशाला?

इंटिरिअर डेकोरेशनच्या दालनात माझी समजूत होती तसे पडदे आणि उशा दिसतील, असं वाटलं होतं. दिसले ते नकाशे! वरून पाहिलेलं घर, समोरून पाहिलेली भिंत, घर मधोमध कापलं तर दिसेल तो छेद. कपाटाच्या एका खणाचं पान-पानभर चित्र, त्यावर मिलिमीटरमध्ये मापं. विजेची बटणं कुठं, पाण्याचे नळ कुठं, उजेड कोणत्या बाजूनं. प्लायवुड, लॅमिनेट, फरशी यांचे तुकडे ओळीनं लावलेले. आणि पुठ्ठ्याची इवलीशी घरं.

एका घरापाशी सांगलीकडची एक विद्यार्थिनी उभी होती. आईवडील आणि आजी अशा तिघांसाठी तिनं दोन खोल्या मांडल्या होत्या. मी विचारलं, “सुरुवात कुठून करता गं तुम्ही? रंगापासून?”

ती हसली. “नाही हो काकू. माणसापासून. ओट्याशी कोण उभं राहणार, तिची उंची किती, आजीला रात्री उठून बाथरूमला जाताना कशाला धरता येईल, हे आधी. रंग सगळ्यात शेवटी.”

मी गप्पच झाले. वीस वर्षं ओट्याशी उभी आहे, पण माझी उंची कुणी विचारली नव्हती.

भाचीनं खरा प्रश्न काढला, “पुढं काम मिळतं का?” त्या मुलीनं साखर न लावता सांगितलं. सुरुवातीला आर्किटेक्टच्या किंवा डिझायनरच्या हाताखाली नकाशे काढायचे, पगार बेताचा. साइटवर सुतारकाका आधी ऐकतच नाहीत, मापं तोंडपाठ आहेत असं दिसलं की ऐकायला लागतात. घरं असतात, तशी दुकानं, दवाखाने, कचेऱ्या, प्रदर्शनं, सिनेमाचे सेट यांचीही कामं असतात. खर्चाचा अंदाज चुकला तर मात्र गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

एक गोष्ट आया-मावश्यांनी लक्षात ठेवण्याजोगी. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला तसं कायद्याचं बंधन नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावू शकतो आणि कुणीही वर्ग काढू शकतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विचारायचं. शिकवणारे प्रत्यक्ष काम करतात का आणि मुलांना साइटवर नेतात का, हेही विचारायचं. जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये, प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत. मुंबई झेपणार नसेल तर काही तंत्रनिकेतनांत पदविकाही आहे.

झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. भाची वहीत कमान काढत होती. मी विचारलं, “नाही मिळाला प्रवेश तर?” “तर पुन्हा देईन परीक्षा. पण बाबांना ‘हौस’ म्हणू नको म्हणावं.”

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. ती रात्री माझ्याकडेच राहिली. सकाळी भावोजी तिला न्यायला आले, तेव्हा ती स्वयंपाकघरात टेप घेऊन उभी. “बाबा, हे टोक जमिनीला धरा.” ते बिचारे वाकले. ओटा भरला ३६ इंच. मग तिनं मला चप्पल काढून उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि कोपरापर्यंतचं माप घेतलं. माझी उंची जेमतेम पाच फूट. ओटा साधारणपणे कोपराच्या तीन-चार इंच खाली असावा. त्यात वर शेगडी, शेगडीवर पातेलं. म्हणजे भाजी परतताना खांदा सारखा वर उचललेला. गवंड्यानं आपल्या अंदाजानं ओटा बांधला होता आणि खांद्याच्या दुखण्यावर तेल मी चोळत होते!

“मग आता ओटा फोडायचा?” भावोजी म्हणाले.

“नको. दोन इंच जाडीची रुंद फळी करून घ्या. खालून रबर लावा, घसरायला नको. मावशीनं त्यावर उभं राहायचं.”

भावोजींनी टेपचं टोक अजून सोडलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, “आपल्या घरचा ओटा किती आहे गं?”

“३५. आईची उंची मावशीपेक्षाही कमी आहे, बाबा.”

त्यांनी टेप गुंडाळला, खिशात टाकला. “आधी परीक्षा तर पास हो,” एवढंच म्हणाले. पण जाताना मला दारात विचारून गेले, जे. जे.चं वसतिगृह कुठं आहे म्हणून.

फळी आता आली आहे. खांदा बराच बरा आहे. तुम्हीही आज पोळ्या लाटण्याआधी टेप काढा, आणि आपलं माप घ्या.