पाठराखण लिहिण्याआधी

शेणवा, ता. शहापूर

प्रिय भाऊ,


तुझ्या संग्रहातल्या निम्म्या कविता मिळाल्या. बाकीच्या मागाहून पाठवतो, पाठराखण तेवढी आधी द्या, मुखपृष्ठ छपाईला जायचंय, असं तू लिहिलंस. ती मी आता देणार नाही. कारण नीट सांगतो.

वॉल्ट व्हिटमनचा ‘लीव्हज ऑफ ग्रास’ 1855 मध्ये आला, तेव्हा त्यात 12 कविता होत्या. ख्यातनाम लेखक इमर्सनने त्या वाचून कवीला खासगी पत्रातून मनापासून दाद दिली. 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीत व्हिटमनने त्या पत्रातलं एक वाक्य इमर्सनला न विचारता पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं. या आवृत्तीत 20 कविता नव्या होत्या. म्हणजे इमर्सनची शिफारस त्या पत्रानंतर आलेल्या कवितांनाही लागू झाली. व्हिटमन केवढा मोठा कवी! तरी वाचकाशी हा व्यवहार सरळ नव्हता, असंच मी म्हणेन.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोलाचं आहे. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यांच्यासारख्या नामवंत नाटककाराने कौतुकाची चार वाक्यं लिहिली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण ते ढसाळांबरोबर मुंबईतल्या गोलपिठा वस्तीत हिंडले, अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले आणि हे जग आपल्याला परकं आहे हे प्रस्तावनेत उघडपणे मांडलं. पांढरपेशा वाचकाला त्या कवितेत शिरायला वाट मिळाली ती त्यामुळे. आचार्य अत्र्यांनीही बहिणाबाईंची गाणी आधी वाचली, मग 1952 च्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव ती छापायला संकोचत होते. आग्रह अत्र्यांचा होता. वाचून झालेल्या माणसाच्या आग्रहाला वजन असतं.

प्रस्तावना मोठी असते, पाठराखण दहा ओळींची. जबाबदारी मात्र तीच. आपल्या शहापूर-मुरबाडकडची ‘ड’ वर्गाची वाचनालयं आठव. अनुदान तुटपुंजं. ग्रंथपाल प्रदर्शनात पुस्तक उचलतो, उलटं करतो, मलपृष्ठ वाचतो आणि त्यावर ठरवतो. सगळं पुस्तक चाळायला त्याला सवड कुठे असते? तो माझ्या शब्दावर गावाचे पैसे खर्च करणार. पाठराखणीत मी त्याला बांधील असतो, तुझी माझी माया कितीही असली तरी. ‘मातीशी नाळ जोडलेली कविता’, ‘आश्वासक कवी’, ‘जगण्याचा दस्तऐवज’ ही वाक्यं कुठल्याही संग्रहावर बसतात, म्हणून त्यातून कुठल्याच संग्रहाबद्दल काही कळत नाही. ती तुझ्या पुस्तकावर मला नकोत.

तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे रे. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर येतो, हे भाषणांतून आपण पुष्कळ ऐकलं. तू ते टँकरमागे धावणाऱ्या पोरीच्या तोंडून सांगितलंस, आणि कुठेही आवाज चढवला नाहीस. दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्टीवर निघालेल्या कातकरी घराची कविता मी मोठ्याने वाचली. तिचं शेवटचं कडवं जास्तीचं आहे, ते काढ. म्हसाच्या जत्रेवरची मात्र अजून वर्णनातच अडकली आहे. हे मला सांगता येतं, कारण या कविता मी वाचल्या आहेत. उरलेल्यांबद्दल काय सांगू?

तेव्हा सगळं हस्तलिखित पाठव. आपल्याकडचे काही शब्द मलाही नवे आहेत, त्यांचे अर्थ सोबत लिही आणि पुस्तकाच्या शेवटीही छाप. आणि छपाई थांबवणं शक्यच नसेल, तर मलपृष्ठावर सुधारलेली वीटभट्टीची कविता पूर्ण घे. वाचकाला माझ्या नावापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

तुझा,
दादा