पाच थेंब आणि परळी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेत 'पाणी वाचवा' या विषयावर भिंतीवर लावायला एक चित्र हवे होते. पूर्वी आम्ही मुलांकडूनच काढून घेत असू. आता मोबाईलमध्ये एआय आलेले. म्हटले, दोन मिनिटांचे काम. विहिरीतून पाणी शेंदणारी बाई, एवढेच सांगितले. पहिल्या चित्रात बाईला तीन हात, दुसऱ्यात रहाट अधांतरी. उर्दूत एक ओळ लिहायला सांगितली तर अक्षरे अशी तुटली की अलिफ कुठला अन् लाम कुठला कळेना. आम्हीही हट्टाला पेटलो. चाळीसेक चित्रे झाली असतील. मागे उभी असलेली सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इत्ते तस्वीरां बनाने कू करंट किधर से आता?"

"परळी से समझो," आम्ही सहज बोलून गेलो, आणि मग गप्प झालो.

परळी आमच्या शेजारची. तिथले औष्णिक वीज केंद्र जुलै २०१५ मध्ये पूर्ण बंद पडले होते. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. गोदावरीवरचा खडका बंधारा आटला होता. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे, ती वाफ थंड करायला पुन्हा पाणी. त्यातले बरेचसे मनोऱ्यांतून आभाळात जाते. हे आम्ही दरवर्षी फळ्यावर शिकवतो, पण हातातल्या मोबाईलशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, आम्ही बी.एड.साठी लातुरात होतो. मांजरा धरण कोरडे. पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या खोलीत चौघांत दोन घागरी. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी आणि एका तांब्यात वुजू. नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी उधळू नका, हे लहानपणापासून ऐकलेले होते. लातुरात उधळायलाच काही नव्हते.

त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, त्यांच्या जेमिनीला विचारलेल्या एका साधारण लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे पाच थेंब. ऐकायला किती गोड! पण हे पाणी फक्त संगणकांच्या इमारतीतले. वीज केंद्रात उडालेले पाणी यात धरलेले नाही. जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारने २०१५ मध्ये युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. ती धरून आम्ही वर्गात गणित मांडले : ०.८४ मिलिलिटर. परळीसारख्या केंद्राची वीज असेल तर पाच थेंबांत आणखी सतरा मिळवायचे. चित्राचा खर्च वेगळाच.

आता कोणी म्हणेल, उसाच्या एका एकरापुढे तुमचे थेंब ते काय? खरेच आहे, आणि लातूर जिल्ह्यात हे बोलायला थोडे धाडसही लागते. पण थेंब एकट्याचे नसतात. २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत ती दुपटीहून वाढेल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली-रबाळे भागात अशा इमारती उभ्या आहेतच.

एआय आम्ही सोडलेले नाही. उर्दू माध्यमाला सरावाचे साहित्य मिळायची मारामार, तिथे त्याचा उपयोग होतो. पण आधी कागदावर नीट ठरवून मग एकदाच विचारतो, आलेले जपून ठेवतो, इतर शिक्षकांना पाठवतो. चित्रे बंद. भिंतीवर शेवटी त्याच मुलीने खडूने काढलेली विहीर लागली. बाईला दोनच हात आहेत.

गणित संपल्यावर तिने विचारले, उडालेले पाणी पावसातून परत येत नाही का? येते, आम्ही म्हणालो, पण ते परळीलाच पडेल असे नाही. तिने ते वहीत लिहून घेतले.